किराणा दुकानातून निघालेली व्हिस्की, आणि आमच्या मोंढ्यातली पत्ती

दाणाबाजार

मी पीत नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पहिला प्रतिसाद त्यावरच यायचा. आज्जी माळकरी, चातुर्मासात घरात कांदासुद्धा बंद. तरी गेले दोन-तीन महिने मी व्हिस्कीवाल्या घराण्यांच्या इतिहासात असा काही अडकलोय की बायको म्हणते, पिणारे बरे, निदान झोपतात तरी.

झालं असं. जालन्यात जुन्या मोंढ्याजवळ आमचं दुकान होतं, किराणा-भुसार. 'जालना सोने का पालना' म्हणायचे त्या दिवसांची शेपटी आज्जांच्या वाट्याला आली. दुकानात सगळंच मिळायचं, पण गिऱ्हाईक बांधून ठेवलं होतं ते पत्तीनं. आज्जा तीन जातीची चहापत्ती मागवायचे आणि माडीवर ताडपत्री पसरून लाकडी फावड्यानं स्वतः मिसळायचे. एक रंगाला, एक कडकपणाला, एक वासाला. मिसळून झाली की मूठभर खाली आणायची, स्टोव्हवर कोरा चहा करायचा, तोंडात घोळवायचा आणि थुंकायचा. मग पुन्हा वर जाऊन एकीत भर घालायची. खाकी पुड्यावर दुकानाचा शिक्का. अंबड, घनसावंगी, परतूरकडची माणसं बाजारच्या दिवशी बाकी सामान कुठूनही घेत, पत्ती आमच्याकडूनच.

आज्जा गेले. दुकानाची वाटणी झाली. दोघा काकांनी आपापली पत्ती 'जुनीच, तीच' म्हणून विकली आणि दोन वर्षांत गिऱ्हाइकानं दोघांनाही सोडलं. झालं आमचं.

आता तिकडचं ऐका. स्कॉटलंडातलं किल्मार्नॉक हे गाव. १८१९ साली तिथला एक शेतकरी वारला, मागं चौदा वर्षांचा मुलगा. ज्यांच्याकडं जबाबदारी आली त्यांनी शेतीचं सगळं विकून आलेले ४१७ पौंड जपले आणि पुढच्या वर्षी पोराला गावात किराणा दुकान काढून दिलं. पोराचं नाव जॉन वॉकर. म्हणजे ज्याच्या नावानं जग पितं तो भट्टीवाला नव्हताच, तो आमच्यासारखा किराणावाला. स्वतः पीत नव्हता असंही सांगतात. (बायकोला हे वाक्य मी मुद्दाम मोठ्यानं वाचून दाखवलं.)

तेव्हा दुकानदाराकडं दारू पिंपातून यायची. या डोंगरातली वेगळी, त्या दरीतली वेगळी, आणि एकाच भट्टीची दोन पिंपंसुद्धा एकसारखी नाहीत. गिऱ्हाइकाला मात्र मागच्या वेळची चव पाहिजे. मग दुकानदार करणार काय? मिसळणार! चहाचं जे करत होता तेच. एडिंबरोच्या अँड्र्यू अशरनं १८५३ मध्ये वेगवेगळ्या पिंपांतली ग्लेनलिव्हेट नावाची व्हिस्की एकत्र करून विकायला काढली. १८६० च्या कायद्यानं जकात भरायच्या आधी गोदामातच सातूची आणि इतर धान्यांची दारू एकमेकांत मिसळायची मुभा दिली, आणि मग बांध फुटलाच. जॉन वॉकर १८५७ मध्ये गेला, पुढचा पसारा मुलगा अलेक्झांडरचा. हा मुलगा ग्लासगोत चहाचं मिश्रण शिकून आला होता असं त्या कंपनीच्या इतिहासात येतं. इथं मी उठून बसलो.

त्याची हुशारी बघा. बाटली चौकोनी केली, म्हणजे खोक्यात जास्त बसतात आणि कमी फुटतात. चिठ्ठी तिरकी लावली, २४ अंशांत, म्हणजे नाव मोठ्या अक्षरात मावतं आणि फळीवर लांबून ओळखू येतं. माल जहाजांच्या कप्तानांच्या हाती दिला, जिथं जाल तिथं विका. १८५२ च्या पुरात दुकानातला सगळा माल वाहून गेला होता, त्यातून हे उभं राहिलं. लाल आणि काळी चिठ्ठी ही नावं मात्र खूप नंतरची, १९०९ ची.

आणि वॉकर एकटा नाही. बॅलन्टाइन एडिंबरोचा किराणावाला. शिवास बंधू ॲबर्डीनचे किराणावाले. भट्टी लावणारे डोंगरात राहिले, नाव झालं दुकानदारांचं.

उलट बाजूनं आलेलं घराणं म्हणजे ग्रँट. विल्यम ग्रँट डफटाउनचा, जन्म १८३९. दुसऱ्याच्या भट्टीवर वीस वर्षं कारकुनी आणि मग व्यवस्थापकी केली. पोटाला चिमटा घेऊन पैसे साठवले आणि १८८६ मध्ये सात मुलं, दोन मुली आणि एक गवंडी एवढ्यांवर स्वतःची भट्टी बांधायला घेतली. तांब्याची भांडी शेजारच्या कार्डोच्या भट्टीतून जुनी घेतली, सुमारे १२० पौंडांना. १८८७ च्या नाताळच्या दिवशी पहिली धार पडली. तीच ग्लेनफिडिच. आजही मालकी त्याच घराण्याकडं, पाचवी पिढी.

तर माझा प्रश्न दोन पदरी आहे. एक, असं काय असतं की ग्रँटांचं पाच पिढ्या टिकतं आणि आमचं दोन पिढ्यांत संपतं? दोन, आपल्या मराठवाड्यात मोह आहे, ज्वारी आहे, गूळ आहे, तांब्याची भांडी घडवणारे होते. मग इथं पिढीजात दारू गाळणारं, नावाजलेलं एकही घराणं कसं झालं नाही?

खडकीकर

वाचनखूण साठवली. पण तीन पत्त्यांचं प्रमाण कुठंय? लेख अपूर्ण आहे.

आसवनीतला

दाणाबाजार, मजा आली. मी लातूरकडच्या एका साखर कारखान्याच्या आसवनीत, म्हणजे दारू गाळायच्या विभागात, केमिस्ट होतो. दुसऱ्या प्रश्नाला नंतर हात घालतो, आधी 'पहिली धार' वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो.

आपल्याकडं 'पहिल्या धारेची' म्हणजे अस्सल. राजकारणी पहिल्या धारेचा, शिवी पहिल्या धारेची. पण व्हिस्कीवाले पहिली धार पीतच नाहीत. त्यांच्याकडं गाळणीचे तीन भाग. सुरुवातीचं डोकं, मधलं काळीज आणि शेवटची शेपूट. डोक्यात झटकन उडणारी, नाकात झोंबणारी रसायनं असतात, ॲसिटाल्डिहाइडसारखी. शेपटीत जड, तेलकट, ओल्या कुत्र्यासारखा वास मारणारी. पिंपात जातं ते फक्त काळीज. डोकं आणि शेपूट पुढच्या घाण्यात परत. कुठं कापायचं हा त्या घराण्याचा खरा हात. पिळदार शेपटीचा थोडा अंश आत येऊ द्यायचा की नाही, यावर चव फिरते.

हातभट्टीवाल्याला हे परवडत नाही. त्याला कडक पाहिजे, आणि गिऱ्हाईकही कडकपणालाच दाद देतं. म्हणून आपल्या भाषेत डोक्यालाच मान मिळाला.

एक गैरसमज मात्र दूर करतो. विषारी दारूनं माणसं मरतात ती पहिल्या धारेनं असं लोक म्हणतात. धान्याच्या किंवा गुळाच्या दारूत मिथेनॉल अगदी कमी निघतं. मोठ्या दुर्घटना होतात त्या बहुतेक कारखान्यातलं मिथेनॉल वरून मिसळल्यानं. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं गेली तेव्हाही मिथेनॉलच निघालं.

आणि माल्ट माल्ट म्हणतात ते काय, तर मोड आणलेले सातू. नाचणीचं सत्त्व करायला आपण नाचणी भिजवतो, फडक्यात बांधून मोड आणतो, वाळवतो, दळतो. तेच. मोड आला की दाण्यातल्या पिठाची साखर व्हायला लागते. तिकडं काही ठिकाणी वाळवताना खाली पीट जाळतात, दलदलीतली कुजकी माती गोवऱ्यांसारखी कापून वाळवलेली. म्हणून त्या व्हिस्कीला धुराचा वास.

तांब्याचं भांडंही शोभेचं नसतं. वाफेतला गंधकाचा घाण अंश तांबं धरून ठेवतं. अत्तरवाल्यांची डेग तांब्याची असते हे आठवलं.

परभणी_ते_ॲबर्डीन

जगात जर्मनी, भारतात परभणी, आणि नशिबात ॲबर्डीन. इथं नोकरीला येऊन नऊ वर्षं झाली. डफटाउन माझ्यापासून गाडीनं दीड तासाच्या आसपास, पाहुणे आले की नेतोच. आई-बाबांनाही नेलं. बाबा गोदामात शिरले आणि म्हणाले, "हे तं आपल्या गूळ-आडतीच्या गोदामासारखं वास येऊलालंय."

खोटं नाही. बुटक्या दगडी भिंती, मातीची जमीन, अंधार, ओल, आणि लाकडाचा, केळ्याचा, मनुकांचा मिसळलेला वास. भिंती आणि बाहेरची झाडं काळी पडलेली. दारूच्या वाफेवर जगणारी एक बुरशी असते, तिची ती काजळी.

तिथं कळलं की धंद्यातली खरी अडचण गाळण्यात नाही, थांबण्यात आहे. स्कॉच म्हणायचं तर ओकच्या पिंपात तीन वर्षं कमीत कमी. प्रत्यक्षात चांगली म्हणवणारी दहा, बारा, अठरा. दरवर्षी पिंपातली दोनेक टक्के उडून जाते, त्याला ते देवदूतांचा वाटा म्हणतात. म्हणजे आजोबांनी भरलेलं पिंप नातवाच्या काळात उघडणार आणि तोवर त्यातला बराच हिस्सा हवेत. आज भरताय त्याचं गिऱ्हाईक अजून शाळेत आहे. कोण पैसा अडकवून ठेवेल? ज्याला पोरंबाळं इथंच बसणार याची खात्री आहे तोच.

दाणाबाजार, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझ्या परीनं उत्तर हेच. पत्ती चार महिन्यांत विकून मोकळं होता येतं, त्यामुळं वाटणीही सोपी. बारा वर्षांनी उघडायच्या पिंपाची वाटणी कशी करणार?

आणि एक, त्यांनी जावयाला दुकानावर बसवलं! ग्रँटचा जावई चार्ल्स गॉर्डन मूळचा शाळामास्तर. तो पेटी घेऊन फिरस्तीवर निघाला, ऑस्ट्रेलियापर्यंत गेला. १९१४ च्या सुमारास त्यांचा माल तीस देशांत जात होता. आपल्याकडं जावई दुकानात आला की गादीवर बसतो, पोतं उचलत नाही.

बालाघाट

सगळं वाचलं. छान लिहिताय सगळे. पण वाचताना पोटात ढवळतंय.

बीड जिल्ह्यातलं आमचं गाव ऊसतोडीला जाणारं. उचल घेतली की पहिल्या आठवड्यात त्यातली किती दुकानात जाते हे मी लहानपणापासून बघितलंय. ज्या उसाच्या कोयत्यानं आमच्या बायांच्या कंबरा गेल्या, त्याच उसाची मळी आणि त्याच मळीची दारू, आणि ती पिऊन घरी येणारा तोच कोयतेवाला. हे वर्तुळ कुणाच्या घराण्याच्या इतिहासात येत नाही.

आमच्याकडं बाटली आडवी करायला मतदान लावलं होतं. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद. नियम असा की गावातल्या एकूण बायांच्या निम्म्याहून जास्त मतं आडवीला पाहिजेत. झालेल्या मतदानाच्या नाही, यादीतल्या एकूण बायांच्या! निम्म्या बाया साखरपट्ट्यात तोडीला. आल्या त्या बहुतेकींनी आडवीलाच दिलं, तरी हरलो. दुकान आहे तिथंच आहे.

तुमच्या आज्जांची पत्ती मला आवडली असती.

दाणाबाजार

बालाघाट ताई, तुमचं म्हणणं खोडून काढायला माझ्याकडं काही नाही. यादीतल्या एकूण बायांचा तो हिशेब मला माहीत नव्हता. तोडीच्या हंगामात मतदान लावणं हे तर ठरवून हरवणंच झालं.

निवृत्त_निरीक्षक

नांदेडकडून. राज्य उत्पादन शुल्कात आयुष्य गेलं, त्यामुळं दुसऱ्या प्रश्नावर लिहायचा माझा हक्क आहे असं समजतो.

मराठवाड्यात दारू गाळणारं घराणं का झालं नाही? मोह होता की. किनवट-माहूरच्या रानात आजही आहे. हात होते, भांडी होती. नव्हती ती एकच गोष्ट, उद्याची खात्री.

आपण निजामाच्या मुलखात. तिथं आबकारी हा जमीन महसुलाच्या खालोखालचा मोठा उत्पन्नाचा झरा. आणि तो चालायचा गुत्त्यावर. अमुक भागात दारू-शिंदी विकायचा हक्क लिलावात घ्यायचा, मुदत संपली की पुन्हा लिलाव. 'गुत्तेदार' हा शब्द आपण आज रस्ता बांधणाऱ्या ठेकेदाराला वापरतो, त्याचं एक मूळ इकडं आहे. आता मला सांगा, ज्याला पुढच्या लिलावात हक्क राहील की जाईल हे ठाऊक नाही, तो पिंप भरून बारा वर्षं ठेवेल का? तो आज गाळणार, उद्या विकणार, परवा पाणी घालून विकणार. गुत्तेदार श्रीमंत झाले, वाडे बांधले, पण दारूचं नाव कुणी केलं नाही. करण्यात फायदाच नव्हता.

स्कॉटलंडातही आधी हातभट्टीच होती, हे इथं कुणी लिहिलं नाही. डोंगरात चोरून गाळायचे, आमच्यासारखे शिपाई मागं लागायचे. १८२३ मध्ये कायदा बदलला. वर्षाला १० पौंड परवाना, वर गॅलनमागं माफक कर, आणि मग उघड गाळा. ग्लेनलिव्हेटच्या जॉर्ज स्मिथनं १८२४ मध्ये परवाना घेतला, तर शेजारचे चोरटे भट्टीवाले त्याच्या जिवावर उठले. कमरेला दोन पिस्तुलं लावून फिरायचा बिचारा. पण परवाना दरवर्षी लिलावात निघणार नव्हता. कर भरत राहा, भट्टी तुमची. घराणी उगवली ती या जमिनीत.

अजून एक अभिमानाची गोष्ट. दारू गाळायच्या ज्या सलग चालणाऱ्या उंच मनोऱ्यानं धान्याची दारू स्वस्त केली आणि मिश्रणाचा धंदाच शक्य केला, तो १८३० मध्ये पेटंट करणारा ईनियस कॉफी हा आयर्लंडचा आबकारी अधिकारी! आम्ही लोक फक्त हप्तेच घेतो असं समजू नका. :)

आपल्याकडं मात्र आबकारीवर राग होता तो वेगळाच. १९४७-४८ च्या मुक्तिसंग्रामात स्वामी रामानंद तीर्थांच्या हाकेवर लोकांनी करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, नाके जाळले आणि शिंदीची झाडं तोडली. हजारोंनी. निजामाच्या खजिन्यावर घाव म्हणून. माझे वडील सांगायचे, कुऱ्हाड घेऊन रात्री निघायचे आणि सकाळी शिवार ओळखू यायचं नाही. पुढं १९५६ मध्ये आपण मुंबई राज्यात गेलो, तिथं आधीपासून दारूबंदी. म्हणजे गुत्ता संपला तो थेट बंदी आली. 'परमिट रूम' हा शब्द त्या बंदीचं हाड आहे. कायद्यानं अजूनही महाराष्ट्रात प्यायला परवाना लागतो, हे आजच्या पोरांना सांगितलं तर हसतात. १९७३ मध्ये देशी दारूचे नियम आले, संत्रा-मोसंबीच्या बाटल्या आल्या. तोवर गाळणं हे साखर कारखान्यांचं काम झालं होतं, घराण्यांचं नाही.

आसवनीतला

निरीक्षकसाहेब, दंडवत. गुत्ता आणि पिंप, हे डोक्यात आलंच नव्हतं.

खडकीकर

मी वाळूजला. कुठल्या कारखान्यात ते विचारू नका.

दाणाबाजार, तुम्ही विचारता घराणी का नाहीत. दारू मात्र इथं नद्यांनी वाहते. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, सगळीकडं बीअरचे नाहीतर दारूचे कारखाने. नांदेडात धर्माबादला, मिरचीच्या गावात, पायोनियरची आसवनी, ती पुढं युनायटेड स्पिरिट्सनं घेतली. २००७ मध्ये राज्यानं धान्यापासून दारू गाळायला लिटरमागं १० रुपये द्यायचं धोरण आणलं, तेव्हा काळ्या पडलेल्या ज्वारीला भाव मिळेल असं सांगितलं. शेतकऱ्याला किती मिळालं ते मोंढ्यात विचारा. परवाने कुणाकुणाच्या नातेवाइकांना गेले यावर तेव्हा पेपर भरले होते.

आणि पाणी. २०१६ चा एप्रिल. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. इकडं दारू कारखान्यांच्या पाण्यावरून खंडपीठानं आदेश दिला, आधी निम्मं कापा, मग ६० टक्के. त्या महिन्यात ओळखपत्र खिशात घालून फिरायचो मी. रिक्षावाला विचारायचा, कुठं कामाला? मी सांगायचो, टायरच्या कंपनीत.

दुसरं म्हणजे, इथं व्हिस्की म्हणून जे बहुतेक भरलं जातं त्याचा पाया मळीचा किंवा धान्याचा शुद्ध अल्कोहोल, ९६ टक्क्यांचा. त्याला वास नाही, चव नाही, कुळ नाही. त्यात थोडं माल्ट, थोडं आणलेलं स्कॉच, कॅरॅमल, पाणी. स्कॉचला नियम असा की ९४.८ टक्क्यांच्या खालीच गाळायचं, म्हणजे धान्याची चव उरते. मळीच्या मालाला युरोपात व्हिस्की म्हणूच देत नाहीत. आसवनीतले साहेब, चुकलो तर सांगा.

आसवनीतला

चुकला नाहीत. फक्त 'कुळ नाही' म्हणू नका. मळीला कुळ असतं, तिचं कुळ रम. आपण तिला व्हिस्कीच्या घरात दत्तक दिलं.

परभणी_ते_ॲबर्डीन

अवांतर, पण जगदाळ्यांचा विषय कुणीच काढला नाही? बंगळुरूची अमृत ही दारूची कंपनी. १९४८ मध्ये राधाकृष्ण जगदाळ्यांनी काढली. आडनाव बघा, कुठून गेलं असेल. आधी लष्कराच्या कँटीनला रम वगैरे पुरवायचे. मुलगा नीलकंठराव यांनी ठरवलं की आपल्याकडं सातूचं खरं माल्ट पडून आहे तर ते निखळ विकून बघू. नातू तेव्हा न्यूकॅसलला शिकत होता, त्यानं तिथल्या भारतीय हॉटेलांत चव देऊन लोकांचा कौल घेतला. आणि ऑगस्ट २००४ मध्ये विक्रीला पहिल्यांदा कुठं काढली, तर ग्लासगोत! जालन्याच्या मोंढ्यात जाऊन जालनेकराला मोसंबी विकण्यासारखं. भारतात आली खूप नंतर.

तिकडं दोन टक्के उडतं तर बंगळुरूच्या उन्हात वर्षाला दहा-बारा टक्के. त्यामुळं बारा वर्षं ठेवायचा प्रश्नच नाही, पिंप रिकामं होईल. पण लाकूडही तितक्याच वेगानं उतरतं, चार-पाच वर्षांत माल तयार. आपल्या बीड-परभणीच्या मे महिन्यात काय होईल देव जाणे.

दाणाबाजार

जगदाळ्यांबद्दल आभार. मोसंबीची उपमा मी ढापणार.

पहिल्या प्रश्नावर थोडं पुढं लिहितो, कारण घराणं असलं की टिकतंच असंही नाही. लीथचे पॅटिसन बंधू, व्हिस्कीचे व्यापारी. १८९० च्या दशकात उसनवारीवर डोलारा उभा केला. किराणा दुकानदारांना पाचशे पोपट वाटले, 'पॅटिसनची व्हिस्की घ्या' असं बोलणारे, अशी गोष्ट सांगतात. स्वस्त दारूत चिमूटभर चांगली घालून 'जुनी ग्लेनलिव्हेट' म्हणून विकायचे. १८९८ च्या डिसेंबरात बुडाले, आणि किती भट्ट्या सोबत बुडवल्या. दोघेही भाऊ फसवणुकीसाठी तुरुंगात गेले. ग्रँटांचं मोठेपण इथं दिसतं. माल घेणारे पॅटिसन बुडाल्यावर रडत बसले नाहीत, स्वतःच मिश्रण करून स्वतःच्या नावानं विकायला लागले. म्हणजे गाळणाऱ्यानंही शेवटी दुकानच टाकलं.

वॉकरांचं काय झालं? १९२५ मध्ये डिस्टिलर्स कंपनीत विलीन. ती १९८६ मध्ये गिनेसनं घेतली, १९९७ मध्ये तिची डियाजिओ झाली. किल्मार्नॉकचा कारखाना २०१२ मध्ये बंद. चिठ्ठीवरचा माणूस अजून चालतोय, गाव मात्र मागं राहिलं. आमच्या मोंढ्यासारखंच. आणि भावाभावांचं म्हणाल तर आपल्या देशात छाब्रिया बंधू आहेतच, ऑफिसर्स चॉइस या व्हिस्कीच्या कंपनीवरून किती वर्षं कोर्टात होते. ते वाचताना मला आमचे दोन्ही काका दिसले, फक्त शून्यं जास्त.

बालाघाट

तुमच्या आज्जी माळकरी होत्या म्हणालात. आज्जा विडी तरी ओढायचे का? चव घेणाऱ्याला चालत नाही म्हणतात.

दाणाबाजार

ओढायचे नाहीत. पत्ती मिसळायच्या दिवशी लसूणसुद्धा खायचे नाहीत. आज्जी त्या दिवशी वरण-भातच करायची.

खडकीकर

प्रमाण. दुसऱ्यांदा विचारतोय.

दाणाबाजार

खडकीकर, तुमच्यासाठी आज दुपारी माळ्यावर चढलो. आज्जांची खतावणी सापडली. पत्तीच्या पानावर तीन खुणा आहेत, स्वस्तिक, त्रिशूळ आणि एक बिनपाण्याची विहीर असावी तसा गोल. पुढं आकडे नाहीत, दुकानाची सांकेतिक अक्षरं आहेत, जी भावासाठी वापरायचे. ती वडिलांना येत नव्हती, काकांना येतात असं दोघंही म्हणतात आणि दोघांची उत्तरं वेगळी.

शेवटी आत्याला फोन लावला, सेलूला असते. लहानपणी फावडं धरायला तीच असायची. ती म्हणाली, "कशाचं प्रमाण रे? दर खेपेला येगळं राह्यचं. पाणी उन्हाळ्यात जड, पावसाळ्यात हलकं. पेटी बी कधी सारखी येती का? बाबा नुसतं तोंडात धरायचे आन म्हणायचे, गोल टाक अजून दोन ओंजळी."

गोल म्हणजे कोणती पत्ती हे तिला माहीत आहे. वासाची. आसामची नव्हे, नीलगिरीची. पावती सुद्धा त्याच खतावणीत टाचलेली निघाली.

खडकीकर

दोन ओंजळी कुणाच्या, आज्जांच्या की आत्याच्या?

दाणाबाजार

आत्याच्या. तेव्हा ती आठ वर्षांची होती.